एकाच युक्तीने एक मशीन फसतं, दुसरं का नाही? डिस्क बदलण्याच्या खेळामागची गोष्ट

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ५ प्रो हे गेम खेळायचं मशीन बाजारात आणलं, ते डिस्क ड्राइव्हशिवाय. ड्राइव्ह हवा तर वेगळा विकत घ्या, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागेल. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ आला. त्याच्या कितीतरी गेमच्या कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड खोचून ठेवायचं. पैसे मोजून घेतलेल्या कार्डात गेमच नाही म्हटल्यावर पोरांपेक्षा त्यांच्या बापांनाच जास्त राग येतो.

दुसरीकडे, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून करडा प्लेस्टेशन खाली आला की घरातला कुणीतरी हमखास सांगतो, "याच्यात पेनाची स्प्रिंग लावून, मध्येच सीडी बदलून कॉपी सीडी चालायची." आता पोरगं मोबाइलवर तसला व्हिडिओ पाहतं, तीच युक्ती मोठ्या भावाच्या एक्सबॉक्सवर करून बघतं आणि विचारतं, काहून नाही चालत? प्रश्न बरोबर आहे. डिस्क दोन्हीकडे गोलच, लेसर दोन्हीकडे आहे, मग एक मशीन फसतं आणि दुसरं का फसत नाही? कंपन्या रिकाम्या कार्डापर्यंत का पोहोचल्या, तेही याच उत्तरातून कळतं.

आधी डिस्कवर काय असतं ते

सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक रेघ असते. सरळ करून मांडली तर पाच किलोमीटरच्या वर जाईल. या रेघेवर सूक्ष्म खड्डे असतात आणि लेसर ते वाचतो. रेघेच्या सुरुवातीला, म्हणजे मधल्या भोकाजवळ, डिस्कची अनुक्रमणिका असते: किती ट्रॅक आहेत, कुठला कुठे सुरू होतो, शेवट कुठे. मशीन डिस्क घातल्याबरोबर आधी ही अनुक्रमणिका वाचतं आणि स्मरणात ठेवतं. हे 'स्मरणात ठेवणं' पुढे फार कामाला येणार आहे.

आता घरच्या कॉम्प्युटरवर सीडी कॉपी केली की खड्ड्यांमधली माहिती जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर जाते. मग अस्सल आणि नक्कल यांत फरक उरतो कुठे? गेम कंपन्यांपुढचा मूळ प्रश्न हा होता. डिस्कवर असं काहीतरी हवं, जे मशीनला दिसेल पण कॉपी करणाऱ्या ड्राइव्हला लिहिता येणार नाही.

काळ्या सीडीचा काळा रंग नव्हे, रेघेचं डुलणं

पहिला प्लेस्टेशन जपानमध्ये ३ डिसेंबर १९९४ ला आला. त्याच्या सीडी खालून काळ्या असायच्या, आणि 'काळ्या रंगामुळे कॉपी होत नाही' असं आपल्याकडे अगदी ठासून सांगितलं जायचं. त्यात तथ्य नाही. सीडीचा लेसर इन्फ्रारेड असतो, त्याला तो काळा रंग आरपार दिसतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हलाही दिसायचा, म्हणून तर कॉपी निघायच्या. काळा रंग दिसायला भारी, एवढंच.

खरी खूण वेगळी होती. अस्सल डिस्कच्या अगदी आतल्या भागात ती रेघ सुतासारखी न जाता अगदी किंचित डावी-उजवीकडे डुलते. या डुलण्यात चार अक्षरं भरलेली असत: जपानच्या डिस्कवर एस-सी-ई-आय, अमेरिकेच्या डिस्कवर एस-सी-ई-ए, युरोपच्या डिस्कवर एस-सी-ई-ई. वेग सेकंदाला साधारण २५० बिट, म्हणजे अगदीच संथ. लेसरचं डोकं रेघेवर टिकून राहण्यासाठी सतत इकडेतिकडे सरकत असतं, त्या सरकण्यावरूनच प्लेस्टेशन ही अक्षरं ओळखायचा.

कॉम्प्युटरचा ड्राइव्हसुद्धा या डुलण्याबरोबर डुलतो, पण त्याच्या दृष्टीने ती रस्त्याची खराबी. ती सावरून घ्यायची आणि विसरून जायची. त्याला फक्त खड्ड्यांतली माहिती पुढे पाठवायची असते. शिवाय कोऱ्या सीडीवर रेघ आधीच कारखान्यात आखलेली येते, तिचं वळण घरच्या बर्नरला बदलता येत नाही. त्यामुळे कॉपीत गेम पूर्ण उतरायचा, फक्त ती चार अक्षरं यायची नाहीत.

परीक्षा केंद्राचं दार

आता एक परीक्षा केंद्र डोळ्यांपुढे आणा. दारात एक शिपाई हॉल तिकीट आणि फोटो बघतो, उमेदवाराला आत सोडतो. त्यानंतर तीन तास कुणी विचारत नाही. अशा केंद्रात डमी उमेदवाराला काय करावं लागेल? खऱ्या उमेदवाराला दारातून आत जाऊ द्यायचं, आणि शिपायाची पाठ फिरली की त्याच्या बाकावर जाऊन बसायचं. हॉल तिकीट खोटं छापायची गरजच नाही. तपासणी खरीच झाली, फक्त जो तपासला तो आणि जो पेपर लिहितोय तो, हे दोघे वेगळे.

डिस्क बदलण्याची युक्ती एवढीच आहे. तपासणी कधी झाली आणि वापर कधी झाला, या दोन क्षणांमध्ये फट असेल तर माणूस त्या फटीत हात घालतो. खूण किती अवघड आहे याच्याशी या युक्तीचं देणंघेणं नाही. प्लेस्टेशनची डुलणारी रेघ त्या काळात घरी बनवणं अशक्यच होतं, तरी तो फसला. तेव्हा कुठल्याही मशीनबद्दल तीन प्रश्न विचारायचे. तपासणी एकदाच होते की पुन्हा पुन्हा? मधल्या वेळात डिस्क बदलली हे मशीनला कळतं का? आणि नुसतं दारातच बघतात, की आत लिहिलेल्या प्रत्येक कागदावर सही लागते?

स्प्रिंग नेमकं काय करायची

प्लेस्टेशनचं झाकण वर उघडणारं. झाकणाच्या कडेला खालून एक छोटं बोंड असतं आणि मशीनच्या अंगात त्याच्या समोर एक भोक. झाकण लावलं की बोंड भोकात जाऊन आतला बारीक स्विच दाबतं. झाकण उघडलं की स्विच सुटतो, मशीनला कळतं, मोटर थांबते, आणि पुन्हा झाकण लागल्यावर डिस्क नवी समजून चौकशी पहिल्यापासून सुरू होते.

रिफिलच्या पेनातली स्प्रिंग, आगपेटीची काडी, घडी घातलेला कागद, जे हाताशी येईल ते या भोकात खुपसलं की स्विच दाबलेलाच राहतो. मशीनच्या मते झाकण बंद. तुम्ही मात्र झाकण उघडं ठेवून फिरणारी सीडी डोळ्यांनी बघताय. अस्सल सीडीची चार अक्षरं वाचून झाली, मंजुरी मिळाली, की योग्य क्षणी ती उचलायची आणि कॉपी ठेवायची. मशीन आपल्या मते त्याच डिस्कवरून पुढे वाचू लागतं.

योग्य क्षण ओळखायचा कानाने. मोटरचा वेग बदलला की आवाज बदलतो. सुरुवातीच्या मशीनमध्ये तर गाण्याच्या सीडीचा प्लेअर उघडून निवांतपणे अदलाबदल करता यायची. सोनीने पुढच्या मॉडेलांत ती सोय बंद केली, मग लोक एका गेमसाठी दोनदा अदलाबदल करू लागले, तीसुद्धा फिरत्या डिस्कची. बोटं आणि सीडी दोन्ही खरचटायची.

गंमत म्हणजे कॉपी चालली तरी कधी कधी गाणी भलतीच लागायची, किंवा लागायचीच नाहीत. कारण ती अनुक्रमणिका! ती अस्सल डिस्कवरून वाचून स्मरणात ठेवलेली, आणि आत डिस्क दुसरीच. मशीनला वाटतं तिसरं गाणं अमुक जागी आहे. त्या जागी कॉपीवर भलतंच काहीतरी असायचं. म्हणून अनुभवी लोक आपल्या गेमपेक्षा मोठी अनुक्रमणिका असलेली अस्सल डिस्क शोधायचे.

एक गोष्ट मात्र या व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. तो स्विच चोर पकडायला बसवलेला नव्हता. झाकण उघडल्यावर लेसर बंद व्हावा यासाठी तो आहे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. स्विच दाबून ठेवून, झाकण उघडं टाकून, मशीनवर वाकून बघत बसणं ही हुशारी नाही. लहान पोराला तर हे करूच देऊ नये.

मग सोनीने पुन्हा पुन्हा तपासलं का नाही?

एवढं कळत होतं तर दर पाच मिनिटांनी ती अक्षरं वाचायची होती, असं कुणीही म्हणेल. अडचण जागेची होती. डुलणारी रेघ फक्त डिस्कच्या आतल्या टोकाला, आणि गेम पसरलेला बाहेरपर्यंत. पुन्हा तपासायचं तर लेसरचं डोकं चालू गेम सोडून आत न्यायचं, संथ अक्षरं वाचायची आणि परत यायचं. प्लेस्टेशनचा ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, सेकंदाला ३०० किलोबाइटच्या आसपास वाचणारा, आणि मशीनची मुख्य मेमरी अवघी २ मेगाबाइट. गाणं, व्हिडिओ, पुढची लेव्हल, सगळं सतत डिस्कवरूनच ओतावं लागायचं. मध्येच डोकं हलवलं की गेम अडखळला. माझ्या मते हा निष्काळजीपणा नव्हता. पैसे देऊन घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा गेम अडखळू नये म्हणून चोराला थोडी फट सोडणं, हा हिशोब त्या काळात बरोबरच होता.

शिवाय डिस्क बदलणं हे त्या काळात गेमचाच भाग होतं. १९९७ चा फायनल फँटसी ७ तीन डिस्कवर आला. पडद्यावर सूचना आली की झाकण उघडायचं, दुसरी डिस्क घालायची, मशीन तिची चार अक्षरं तपासणार आणि गोष्ट पुढे सरकणार. १९९९ चा व्हिब-रिबन तर अख्खा मेमरीत मावायचा. एकदा चालू झाला की गेमची सीडी काढून स्वतःच्या गाण्यांची कुठलीही सीडी घालायची, आणि त्या गाण्यावरून तो लेव्हल तयार करायचा. प्लेस्टेशन गाण्याच्या सीडीला खूण मागत नसे, फक्त डेटाच्या डिस्कला मागायचा, म्हणून हे जमलं. म्हणजे 'डिस्क बदलली की बंद पड' असा सरसकट नियम करायची सोयच नव्हती.

काही गेम बनवणाऱ्यांनी मात्र तपासणी दारातून आत नेली. युरोपातल्या काही डिस्कवर मुख्य माहितीशेजारी धावणाऱ्या छोट्या माहितीत मुद्दाम चुका पेरलेल्या असत. साधी कॉपी करताना त्या चुका गाळल्या जायच्या. गेम चालू असताना अधूनमधून त्या चुका शोधायचा. सापडल्या नाहीत की अडून बसायचा. इथे स्प्रिंगचा काही उपयोग नाही, कारण शिपाई आता वर्गात फिरतोय. २००० सालच्या स्पायरोच्या तिसऱ्या गेममध्ये तर छेडछाड सापडली की एक परी येऊन सांगायची की तुमची प्रत बेकायदेशीर असू शकते, आणि पुढे गेम हळूहळू बिघडत जायचा. रत्नं गायब, भलत्याच अडचणी. फोडणाऱ्यांना वाटायचं काम झालं, आणि चार लेव्हल पुढे गेल्यावर कळायचं की झालेलं नाही.

आणि चिपवाला प्लेस्टेशन?

आपल्या भागातल्या पुष्कळांनी स्प्रिंग कधी पाहिलीच नसेल, कारण त्यांचा प्लेस्टेशन 'चिप लावलेला'च आला. ती चिप म्हणजे मदरबोर्डवर डागलेला एक छोटासा प्रोसेसर. तो चार अक्षरं स्वतःच म्हणत राहायचा. डिस्क काही का असेना, मशीनला खूण ऐकू यायची. चिपने फट वापरली नाही, तिने शिपायालाच फितवलं. म्हणून नंतरचे गेम उलटी चौकशी करू लागले: जिथे खूण असायलाच नको तिथेही ऐकू येते आहे का? येत असेल तर चिप आहे, गेम बंद. मग पुढच्या चिपा वेळेवर गप्प बसायला शिकल्या.

सेगाच्या दोन तऱ्हा

सेगा या कंपनीचा सॅटर्न प्लेस्टेशनच्या काही दिवस आधी, २२ नोव्हेंबर १९९४ ला जपानमध्ये आला. त्याची खूण डिस्कच्या बाहेरच्या कडेला, एका पट्ट्यात. घरचा बर्नर त्या जागी लिहीत नाही. तपासणी इथेही एकदाच, झाकणही वरूनच उघडणारं, त्यामुळे अदलाबदल सॅटर्नवरही चालते. पण हातात वेळ अगदीच कमी. लेसर आतून बाहेरच्या कडेला जातो, खूण बघतो, परत येतो, आणि तेवढ्यात भिरभिरणारी डिस्क उचलून दुसरी बसवायची. फट असून नसल्यासारखी. या नादात कित्येकांनी ड्राइव्ह खराब करून घेतले.

ड्रीमकास्टची कथा निराळी. १९९८ च्या या मशीनची डिस्क साधी सीडी नव्हतीच, सुमारे १ गिगाबाइट मावणारी खास जातीची होती. कॉपी करायला घरी तसली कोरी डिस्कच मिळत नसे. इतका पक्का बंदोबस्त, आणि सेगाने शेजारी एक मागचं दार ठेवलं: गाण्यांच्या सीडीवर थोडे व्हिडिओ, मेनू वगैरे घालता यावेत म्हणून साध्या सीडीवरून मशीन चालू होण्याची सोय. २००० साली लोकांनी ते दार शोधून काढलं. आधी एक 'बूट डिस्क' घालायची, ती मशीन चालू करणार आणि मग म्हणणार, आता गेमची डिस्क घाला. स्प्रिंग नाही, कानाने मोटर ऐकणं नाही, झाकण उघडून आरामात बदला. काही दिवसांत तर बूट डिस्कचीही गरज उरली नाही. सेगाने नंतरच्या मशीनमधून ती सोय काढून टाकली, पण जानेवारी २००१ मध्ये कंपनीने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. ड्रीमकास्ट फक्त कॉपीमुळे बुडाला असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. समोर प्लेस्टेशन २ उभा होता आणि सेगाचा पैसा आधीच आटत होता.

प्लेस्टेशन २: ट्रे सरकला, पण कुणाला कळलंच नाही

मार्च २००० चा प्लेस्टेशन २ डीव्हीडीचा. जाड मॉडेलमध्ये झाकण नाही, बटण दाबल्यावर बाहेर येणारा ट्रे. बटण दाबून ट्रे उघडला की मशीनला कळतं आणि मंजुरी रद्द होते. म्हणून लोकांनी बटण दाबणंच सोडलं. ट्रेचं पुढचं प्लास्टिक काढायचं, फटीतून एक पातळ प्लास्टिकची पट्टी आत घालायची आणि दातेरी चाकातून ट्रे सोडवून हाताने बाहेर ओढायचा. मोटरने ट्रे हलवलाच नाही, तेव्हा मशीनच्या मते काही घडलंच नाही. बारीक मॉडेलमध्ये झाकण परत वर आलं, तर तिथले स्विच-सेन्सर चिकटपट्टीने झाकले.

पण नुसतं एवढं पुरेसं नव्हतं. त्यासाठी 'स्वॅप मॅजिक' नावाची एक डिस्क विकत मिळायची. मशीन तिला अस्सल मानायचं, ती चालू व्हायची, आणि मग तिच्यातला प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवरून गेम सुरू करून द्यायचा. पहिल्या प्लेस्टेशनवर कुठलाही अस्सल गेम चालायचा, इथे या कामासाठीच बनवलेली डिस्क लागली. फट अरुंद झाली होती, बंद झाली नव्हती.

एक्सबॉक्सवर तीच युक्ती का मेली

नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आला आणि विचारायचा प्रश्नच बदलला. आतापर्यंत मशीन 'डिस्क अस्सल आहे का' एवढंच बघायचं. एक्सबॉक्स त्याशिवाय बघू लागला की प्रोग्रॅम अस्सल आहे का. इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल: डिजिटल सही. प्रोग्रॅमचा एक छोटा गणिती ठसा काढतात, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. त्या ठशावर कंपनी आपल्या गुप्त किल्लीने सही करते. सही खरी की खोटी हे मशीनला तपासता येतं, पण नवी सही करता येत नाही, कारण गुप्त किल्ली कंपनीच्या घरी.

आणि त्या सहीच्या आत हेही लिहिलेलं की हा प्रोग्रॅम कुठल्या प्रकारच्या डिस्कवरून चालवायचा. घरच्या डीव्हीडीवरून चालव असं बदलून लिहिलंत की ठसा बदलला, सही मोडली. नाही बदललंत तर मशीन म्हणणार, अस्सल डिस्क दाखव. परीक्षा केंद्रात आता प्रत्येक उत्तरपत्रिकेवर सही लागते. बाकावर कोण बसलंय याने काही बिघडत नाही.

पण याच एक्सबॉक्समध्ये दुसरीकडे जुनी फट जशीच्या तशी होती. त्याच्या हार्ड डिस्कला पासवर्डचं कुलूप असायचं. मशीन सुरू होताना ते कुलूप उघडायचं आणि मशीन चालू असेपर्यंत ते उघडंच. मग लोकांनी काय केलं? मशीन चालू केलं, कुलूप उघडू दिलं, आणि वीज चालू असतानाच हार्ड डिस्कची डेटा केबल काढून कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरला कुलूप उघडलेली डिस्क मिळाली. स्प्रिंगवाल्या प्लेस्टेशनचंच हे भावंड: तपासणी एकदा, वापर नंतर, मध्ये केबल बदलली. पुढचा दरवाजा सहीने बंद केला आणि मागच्या दाराला एकदाच तपासणारा शिपाई राहून गेला.

सही असूनही निन्टेन्डोचा वी (Wii) कसा फसला?

इथे वाचणारा म्हणेल, सही इतकी पक्की असेल तर वीवर कॉपी कशा चालायच्या? नोव्हेंबर २००६ च्या वीमध्ये गणित चोख होतं, तपासणाऱ्या प्रोग्रॅमने माती खाल्ली. दोन ठसे जुळतात का हे बघायला त्याने मजकूर जुळवण्याची पद्धत वापरली होती, आणि ती पद्धत शून्य दिसलं की मजकूर संपला असं समजून थांबते. म्हणजे दोन्ही ठशांची सुरुवातच शून्याने झाली, तर 'जुळले' म्हणून मोकळी! मग सहीच्या जागी नुसती शून्यं भरायची आणि प्रोग्रॅममधला एखादा बिनकामाचा आकडा बदलत राहायचा. सरासरी २५६ प्रयत्नांत ठशाचं पहिलं घर शून्य येतंच. कॉम्प्युटरला याला डोळा मिटायचाही वेळ लागत नाही. निन्टेन्डोने ही चूक नंतर दुरुस्त केली.

वीमध्ये डिस्क फटीतून आत ओढली जाते, स्प्रिंग लावायला झाकणच नाही. तरी तो मोडला. उलट जिथे झाकण होतं तिथेही नंतर स्प्रिंगची गरज संपली: २०२० मध्ये प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडी प्लेअरमधल्या चुकीचा वापर करून साध्या डीव्हीडीवरून आपला प्रोग्रॅम चालवण्याची पद्धत जाहीर झाली, मशीन आल्यानंतर वीस वर्षांनी.

आज डिस्क काढली की गेम का बंद पडतो

प्लेस्टेशन ४ पासून गेम डिस्कवरून आतल्या ड्राइव्हवर उतरवला जातो आणि तिथूनच चालतो. डिस्क उरली ती फक्त पुरावा म्हणून. गेम चालू असताना डिस्क काढून बघा, मशीन लगेच ती परत मागतं. १९९४ मध्ये हे परवडत नव्हतं कारण गेम स्वतःच डिस्कवर होता आणि डोकं तिथून हलवता येत नव्हतं. आता गेम दुसरीकडे आहे, ड्राइव्ह रिकामा बसलाय, मग त्याने चौकीदारी करायला काय हरकत? आतली माहिती कुलूपबंद, वर सही, आणि अपडेट इंटरनेटवरून.

तिथून पुढची पायरी स्विच २ चं किल्लीवालं कार्ड. कार्डात गेम नाहीच, तर कॉपी कशाची करणार! पण त्या कार्डाला गेम देणारा सर्व्हर कंपनीचा आहे, तो चालू असेपर्यंतच नवं मशीन घेणाऱ्याला तो गेम उतरवता येईल. काळी सीडी कुणाला न विचारता आजही चालते, आणि माझी पसंती तिलाच आहे.

हे सगळं बेकायदेशीर नाही का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, रीतसर घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करायला मुभा आहे. चार अक्षरं जुळत नसल्यामुळे अडणारी, जपानहून आणलेली स्वतःची अस्सल डिस्क अमेरिकेच्या मशीनवर चालवायला अदलाबदल करणारे शौकीन जगभर होते, ते चोर नव्हते. पन्नास रुपयांत कॉपी सीडी विकण्याचा धंदा मात्र तेव्हाही गुन्हाच होता.

माळ्यावरचं मशीन चालू करण्याआधी

स्प्रिंग बाजूला ठेवा आणि आधी मशीन उलटं करून खालचं लेबल वाचा. मॉडेल नंबरचा शेवटचा आकडा ० असेल तर जपानचं, १ असेल तर अमेरिकेचं, २ असेल तर युरोपचं. त्या काळी बरीच मशीनं कुणा नातेवाइकाच्या बॅगेतून आलेली, त्यामुळे काहीही निघू शकतं. जपानचं मशीन १०० व्होल्टचं, अमेरिकेचं १२० चं. आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घातलंत तर आतला पॉवर सप्लाय जळलाच समजा. नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रिकच्या दुकानात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, आधी तो आणा.

अगदी पहिल्या मॉडेलांची आणखी एक खोड होती. लेसरचं डोकं ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर सरकतं ती उष्णतेने आणि घासून झिजायची, आणि मग व्हिडिओ अडखळायचे. लोक मशीन उलटं ठेवून खेळायचे, कारण उलट्या बाजूने डोकं जरा नीट सरकायचं. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत, भर दुपारी, सुट्टीतल्या पोरांनी तासन् तास चालवलेली मशीनं ही. त्यांची पट्टी झिजली नसेल तरच नवल. अस्सल डिस्कसुद्धा वाचत नसेल तर चिप, सही, खूण यांच्या मागे लागू नका, लेसरची काच मऊ कापडाने पुसून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर दुरुस्तीवाल्याला लेसर युनिट बदलून मिळेल का ते विचारा.